मामाच्या पाठीचा गुन्हेगार

निषादमामाची पाठ मीच मोडली, अशी माझी पक्की खात्री होती.

मामा गावात मल्लखांब शिकवतो. रविवारी दुपारी तो पालथा पडून हाक मारायचा, "शलू, पाय दे गं!" मग मी भिंतीला धरून त्याच्या पाठीवर चालायची. दिवाळीत मला काय सुचलं कोण जाणे, मी पाठीवर चक्क उडी मारली! तेव्हापासून मामाची कंबर धरली ती धरलीच. आता तर तो मल्लखांब सोडायचं म्हणत होता. मी कुणाला काही बोलले नाही.

"कसली कंबर, नाटकं आहेत!" आई म्हणायची. कारण सकाळी मामाला अंथरुणातून उठवत नसे आणि संध्याकाळी तोच मुलांबरोबर उड्या मारी. आता हे कोडं सोडवायचं कसं?

शेवटी आईने त्याला आरोग्य केंद्रात नेलं. मीही मागे लागून गेले. डॉक्टर मुजावर आणि त्यांचा यंत्रमानव थेंबू तिथे होते.

"पडून राहिल्यावर बरं वाटतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"उलट जास्त आखडते. हललो की सैल होते," मामा पुटपुटला. "पण हे सांगितलं तर कोण खरं मानणार?"

"मी मानते. थेंबू, रक्त घे."

"पाठ दुखतेय तर रक्त कशाला?" मी विचारलं.

थेंबूला बोलायला निमित्तच हवं होतं. "शलूताई, स्नायू लचकला तर रक्ताला सहसा पत्ताही नसतो. पण आत दाह (संरक्षक पेशींनी आणलेली सूज) असेल, तर त्याच्या खुणा रक्तात उतरू शकतात."

त्याने रक्ताची बारीक नळी उभी ठेवली. दाह असला की लाल पेशी भाकरीच्या चवडीसारख्या एकीवर एक चिकटतात आणि लवकर तळाशी बसतात. तासाभरात मामाच्या पेशी बऱ्याच खाली बसल्या! मग त्याने सीआरपी (दाह असताना यकृत तयार करतं ते प्रथिन) मोजलं. तेही वाढलेलं. तिसरी खूण एचएलए-बी२७, म्हणजे पेशींवरची जन्मजात खूण. तीही मामाकडे होती.

"ही खूण असलेल्या बहुतेकांना काहीच होत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "रक्त फक्त साक्ष देतं." म्हणून त्यांनी एमआरआयही काढला. तेव्हा कुठे नक्की झालं. मामाच्या संरक्षक पेशी चुकून त्याच्याच मणक्यांच्या सांध्यांवर धावून गेल्या होत्या.

"आणि माझ्या उडीची खूण?" मला रडूच फुटलं. सगळं सांगून टाकलं.

थेंबूने सगळे अहवाल पुन्हा पाहिले. "कुठेच नाही, ताई."

"अगं वेडाबाई, पाठ आधीच दुखायची, म्हणून तर तुला पाय द्यायला बोलवायचो!" मामा म्हणाला.

"उडीने हा आजार होत नाही, बाळा," डॉक्टर म्हणाल्या. "पण आता पाठीवर चालणं बंद हं. औषध आणि रोज व्यायाम. मल्लखांबही हळूहळू, मी सांगेन तसा."

आईने मामाच्या पाठीवर हात ठेवला. "निषाद, मी तुला नाटकी म्हटलं रे..."

"पुढे कधीतरी रक्ताच्या एका थेंबातच सगळं कळेल," थेंबू ऐटीत म्हणाला.

"कळेल तेव्हा कळेल," मामा म्हणाला, "पण शलू, एवढे दिवस हे एकटीने पोटात ठेवलंस?"

"तू तरी कुठे सांगितलंस?" मी म्हणाले.

मामाने मला घट्ट जवळ घेतलं.