आज मी जातो

त्या पक्ष्याचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की उद्याच तिथं जत्रा भरेल. एवढंच सांगतो, दाट रानात जमिनीलगत त्याचं घरटं असतं आणि माणसाची चाहूल लागली की तो फिरकत नाही. त्याला बघायची एकच युक्ती आहे. हिरव्या कापडाच्या लपणात दोघांनी शिरायचं आणि थोड्या वेळानं एकानं उघडउघड निघून जायचं. पक्ष्याला काही मोजता येत नाही. गेली ब्याद, असं समजून तो घरट्यावर येतो.

आमच्यात निघून जाणारी नेहमी बायकोच. "अहो, माझी ही सवत दिसते तरी कशी, एकदा बघू द्या की!" असं म्हणायची आणि पाय आपटत वाटेला लागायची. पुढच्या मोसमात ती बसणार आणि मी जाणार, असं आमचं ठरलं होतं. मोसम आला, पण ती राहिली नव्हती.

तरी मी गेलो, एकटाच. घर खायला उठत होतं, दुसरं काय! सकाळ झाली होती, पण झाडांखाली अजून अंधार होता. कुजलेल्या पानांचा ओला वास येत होता. मी लपणात शिरलो ते पक्ष्यानं समोरच्या फांदीवरून बघितलं. आता कसला येतोय, म्हणून मी नुसता बसून राहिलो.

मग त्याची मान हलली. लपणाच्या दारापासून वाटेकडे... हळूहळू, थेट वळणापर्यंत. कुणाला तरी जाताना बघावं तशी. वाटेवर कुणीच नव्हतं. पानही वाजलं नाही. पक्षी मात्र निर्धास्त खाली उतरला आणि अंड्यांवर बसला.

मी त्या रिकाम्या वळणाकडे बघितलं. अजूनही हीच जातेय...

"अगं... थांब," मी पुटपुटलो. "ये, बस इथं. आज मी जातो."

आवाजानं पक्षी उडाला. मी बाहेर पडलो आणि तिच्यासारखेच पाय आपटत चालू लागलो. वळणावर मात्र राहवलं नाही. मागं बघितलं.

पक्षी घरट्यावर येऊन बसला होता. आणि लपणाच्या खिडकीचं कापड आतून बोटभर उचललेलं होतं... तो बिचकू नये इतक्या बेतानं, तसंच धरून ठेवलेलं.