मखमलीवरची बोटं

कापडाचा हत्ती करायचा तर कापड निवडतानाच अर्धा हत्ती झालेला असतो. पॉपलिन दिसायला तुकतुकीत, पण कापूस ठासला की शिवणीवर उसवतं. फलालीन मऊ, पण पोरांनी चोखून चोखून तिच्या गोळ्या होतात. मखमल सगळ्यांत देखणी आणि सगळ्यांत नाठाळ. तिची लव एकाच दिशेला बसते. बेतताना एक तुकडा उलटा गेला, तर हत्तीचा एक पाय काळा दिसतो. हे सगळं मी बुलढाण्याला शिवणवर्गात शिकले आणि लग्नानंतर खामगावात त्यावर चार घरं जोडली. डॉक्टरीणबाईंना ससा हवा असे, कापसाच्या जिनवाल्यांच्या सुनेला मोर. प्रत्येकीला आपल्या लेकरासाठी, आपल्या पसंतीचा. लेकरं लोकांची, टाके माझे.

माझ्या वाट्याला आली ती कुंदा. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी माझं लग्न झालं, कचेरीत कारकून असलेल्या रमाकांत नावाच्या बिजवराशी. वय वाढलेल्या मुलीला बिजवरच मिळायचा, हे माहेरी इतक्यांदा ऐकलं होतं की मांडवात मला रडूही आलं नाही. पहिली बायको, प्रेमला, तापानं गेली होती. कुंदा तिची, पाच वर्षांची. ती मला काहीच म्हणत नसे. आई नाही, मावशीसुद्धा नाही. भूक लागली की पदर ओढायची आणि ताटाकडे बोट दाखवायची. मला दुसरं काही नको होतं. तिनं एकदा आई म्हणावं, एवढ्यासाठी मी त्या घरात राबत होते.

आणि गळ्यात प्रेमला होतीच. पहिली सवाष्ण गेली की तिच्या नावाचा चांदीचा टाक करतात, बोटाच्या पेराएवढा, वर बाईची आकृती. दुसरीनं तो गळ्यात घालायचा. घरात नवं कापड आलं की आधी टाकाला दाखवायचं, मग वापरायचं. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण सासूबाईंशी रोज कोण भांडणार, म्हणून घातला.

दिवाळीच्या आधी मी कुंदासाठी हत्ती करायचं ठरवलं. रंगरावांच्या दुकानातून गुलाबी फलालीन, पिवळं पॉपलिन आणि निळा छापील तुकडा आणला. राखाडी मखमलीचा एक उरलासुरला तुकडा त्यांनी वर टाकला होता. सगळं पसरून मी कुंदाला म्हटलं, "सांग, तुझा हत्ती कोणत्या रंगाचा?"

तिनं हात मागे घेतले. "आईले इचार."

जात्याशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "बरोबर बोलली पोरगी. नवं कापड हाये सुलभा, प्रेमलेले दाखव आधी."

माझं डोकं फिरलं. मी टाक काढला, पाटावर ठेवला, त्याच्यापुढे चारही कापडं मांडली आणि हात जोडले. "निवड बाई तूच! पोर तुझी, पसंती तुझी. मी काय, शिवणारीण."

जातं थांबलं. "काऊन असं बोलली वं? दाखवाचं असते. इचाराचं नसते."

"विचारलं तर काय होतं?"

त्या उठल्या आणि कुंदाला घेऊन शेजारी सिंधूताईंकडे गेल्या. मी दाराला कडी घातली, मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि परत आले. तीन कापडं घडी करून बाजूला ठेवलेली होती, काठाला काठ लावून. राखाडी मखमल तेवढी पसरलेली होती. तिच्या लवेवर चार बोटं उलटी फिरलेली स्पष्ट दिसत होती. मी माझी बोटं त्यावर ठेवून पाहिली. ती बोटं माझ्यापेक्षा बारीक होती, आणि कुंदापेक्षा खूप लांब.

कडी तशीच होती. घडी मीच घातली असेल रागाच्या भरात, अशी मी स्वतःची समजूत काढली.

हत्ती मखमलीचाच केला. कुंदानं तो पाहिला मात्र, उराशी धरला, त्याच्या पोटात तोंड खुपसलं आणि हसली. त्या घरात तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. माझ्याकडे न बघता ती त्याला घेऊन देवघरात पळाली.

त्यानंतर मी कधी काही विचारलं नाही, पण निवड होतच राहिली. डॉक्टरीणबाईंच्या सशासाठी कापडं काढून ठेवावीत, चूल पाहून यावं, तोवर एक पसरलेलं आणि बाकीची घडी घातलेली. मी हट्टानं दुसरं बेतायला घेतलं की कात्रीखाली कापड सरकायचं आणि तुकडा उलटा निघायचा. शेवटी निमूटपणे तेच घ्यायला लागले. लोक वाखाणायचे, "सुलभाताई, नजर आहे तुम्हाला!" राबायचं मी आणि नजर मेलेलीची. जळफळाट व्हायचा.

एकदा रमाकांतनी तयार मोर हातात घेऊन उगाच कुरवाळला. "प्रेमलाची आवड अशीच होती," ते म्हणाले. माझ्या कामाबद्दल ते तेवढंच बोलले. त्या संध्याकाळी मी जेवले नाही आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

संक्रांतीनंतर एका सकाळी शिवणाच्या टेबलावर माझं लग्नातलं हिरवं पातळ पसरलेलं दिसलं. ते माझ्या पेटीत असे, आणि किल्ली माझ्या कमरेला. कोणाची मागणी नव्हती. कोणतंही खेळणं करायचं नव्हतं.

सासूबाई दारात आल्या, पातळाकडे पाहिलं आणि त्यांनी तोंडाला पदर लावला.

"काय झालं?" मी विचारलं.

"असंच नेसवलं होतं तिले," त्या म्हणाल्या. "नेताना."

मी पातळ पेटीत टाकलं. टाक गळ्यातून काढून पिठाच्या डब्यात खुपसला. मग कुंदाला जवळ घेऊन तिचे केस विंचरले, आणि नवल म्हणजे ती हलली नाही. उलट मान वळवून माझ्याकडे टक लावून पाहिलं.

"तू किती लांब आहे?" तिनं विचारलं.

"मोठी झालीस की माझ्याएवढी होशील," मी म्हटलं. किती दिवसांनी ती माझ्याशी बोलत होती! मला भरून आलं.

दुपारी सासूबाई वडनेर भोलजीला गेल्या. रमाकांत कचेरीत. मी चटईवर आडवी झाले. डोळा लागत होता, तेवढ्यात कुंदाचा आवाज आला.

"आई."

अगदी जवळून. लाडानं.

इतके महिने ज्याची वाट पाहिली ते हेच. मी ओ द्यायला तोंड उघडलं आणि डोळे उघडले.

कुंदा माझ्या पायांशी उकिडवी बसली होती. शिवणाचा टेप तिनं माझ्या अंगठ्याशी दाबून धरला होता. तिथून तो माझ्या पोटावरून, छातीवरून, चेहऱ्यावरून वर गेला होता. ताठ.

ती माझ्याकडे पाहत नव्हती. माझ्या डोक्याच्या मागे पाहत होती.

"आई, सरकून राह्यला ना," ती म्हणाली. "नीट धर."

टेप माझ्या कपाळावरून किंचित वर सरकला, आणि पुन्हा ताठ झाला.