नवरदेवाविना रंगवलेली भिंत

दोंडाईच्यात पथारीवर मिरची वाळत पडली की शिंक दिल्याशिवाय कुणाचं वाक्य पुरं होत नाही. तरी शिडीच्या पायथ्याशी आलेली ती शिंक मुद्दामच दिलेली होती, असा प्राचीचा पक्का संशय. तिचा ब्रश घसरला आणि भिंतीवरच्या हत्तीला दुसरी सोंड फुटली.

"माफ करा," खालचा माणूस म्हणाला. डोळे मात्र माफी मागत नव्हते. "पण मॅडम, नवरदेव राहिला."

भिंत रुपचंद नानांच्या दुकानाची. खानदेशात लग्नघराला रंगवतात तसंच सगळं तिच्यावर होतं... कलश, केळीचे खांब, 'शुभविवाह', रविवारची तारीख. 'चि. सौ. कां. प्राची' ठसठशीत. वराचं नाव आणि गाव मात्र कोरं.

"राहिला नाही, ठेवलाय." प्राची धुळ्याच्या एका संस्थेसाठी भिंती रंगवायची. "लग्नाच्या नावाखाली पोरी परराज्यात नेऊन विकतात. मध्यस्थ म्हणतो, खर्च आमचा. नवऱ्याचं गाव कुणी पाहिलेलंच नसतं. ही कोरी जागा बघून एका बापानं तरी घरी जाऊन विचार करावा, एवढंच हवंय."

"आणि नाव तुमचंच का?"

"दुसऱ्याच्या पोरीचं लिहिलं असतं, तर तिच्या दारात भांडण गेलं असतं."

"म्हणजे नवरी खरी आहे," तो हसला. "मी बादल. शिरपूरकडचा. लग्नाच्याच भिंती रंगवतो. ती सोंड द्या माझ्याकडे, चूक माझी."

सोंडेची त्यानं फुलांची माळ केली. मग रोज काही ना काही निमित्त निघू लागलं. कधी पिवळा रंग उसना, कधी शिडी हलतेय म्हणून धरायला. प्राची माणसं पारखण्यात कच्ची नव्हती. हा आधी तिचे ब्रश धुतो, मग स्वतःचे... आपण पाहिलं की भिंतीकडे बघतो... आणि शिडी तर मुळीच हलत नाही.

रविवार उजाडला आणि भिंतीसमोर माणसंच माणसं. नवी लुगडी, पांढऱ्या टोप्या. गल्लीतली म्हातारी वच्छलाबाई तर आहेराचं पातळ घेऊनच आलेली. प्राचीच्या तोंडचं पाणी पळालं. तारीख तिनं बाजाराचा दिवस म्हणून टाकली होती. पण इथं भिंतीवर तारीख आली की ते आमंत्रणच.

"जेवन कोठे शे, बेटा? नि वरात कथाईन येवाव शे?" वच्छलाबाईनं विचारलं.

"वरात कुठून येणार, ते कुणालाच माहीत नाही, अक्का."

"हाऊ शे का नवरदेव?" म्हातारीचं बोट थेट बादलकडे. हशा पिकला. प्राचीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बादलनं तिच्याकडे पाहिलं... विचारल्यासारखं. तिनं होकारार्थी मान हलवली, अगदी जराशी.

"हो, मीच," तो पुढे झाला. "नाव मोहन. गाव लांब, राजस्थानात. खर्च सगळा माझा. आज सांजच्या गाडीनं नेतो हिला."

"देखाले तं बरा शे," कुणीतरी म्हणालं. वच्छलाबाईनं पातळ प्राचीच्या हातावर ठेवलंसुद्धा.

"दिली पोरगी?" बादलचा आवाज एकदम उतरला. "माझं गाव पाहिलंय कुणी?"

पथारीकडून तेवढी एक शिंक आली.

मग मागून सुकलाल पुढे आला. डोंगरपायथ्याचा, लाकडं विकायला आलेला. "मनी पोर कस्तुरानं लगन ठरेल शे," तो म्हणाला. "तो मानूसबी असाच बोलना. गाव आम्ही देखेल नही."

प्राचीनं त्याला दुकानाच्या पायरीवर बसवलं आणि मुलांच्या मदतीचा नंबर, १०९८, लावला. दुपारी अधिकारी सुकलालबरोबर त्याच्या गावी निघाले. संध्याकाळी त्याचाच फोन आला. मध्यस्थ पोलिसांच्या ताब्यात, कस्तुरा घरी, आईजवळ. प्राची रस्त्यातच नाचायची बाकी होती. बादल ब्रश धूत होता, आधी तिचे.

"मोहनराव," ती म्हणाली, "वरात परत पाठवू का?"

"तुम्हीच मान हलवली होती."

"नाटकाला."

"तेवढ्यालाच?" तो थांबला. "मग... माझ्या गावी या. आईला आणा. दुकानात विचारा, विहिरीवर विचारा. माझ्याशी बोलत नाही त्या काकालाही विचारा."

"त्यालाच आधी विचारणार."

आणि तिनं विचारलंच. मंदाबाई, तिची आई, बरोबर होती. अख्खं गाव पालथं घालून दोघी बादलच्या अंगणात आल्या, तेव्हा तो उभ्याउभ्या घामाघूम.

"काय निघालं?"

"उशिरा उठतोस. गातोस वाईट. काका म्हणतो, हट्टी आहेस, पण दिलेला शब्द मोडत नाहीस." 'तुम्ही' कुठं गळलं, तिलाही कळलं नाही. "आता तू ये धुळ्याला. आमच्या गल्लीत माझीही चौकशी कर... म्हणजे, करायची असेल तर."

"उद्याच येतो —"

"सुरुवात माझ्यापासून करा," मंदाबाई खाटेवर बसत म्हणाल्या. "आणि जेवूनच या, हिच्याबद्दल सांगायला मला वेळ लागेल."