डबीवरची टिकली

"झडप चोरीला गेलीय आणि आळ माझ्यावर आलाय," प्रयोगशाळेतल्या मुलीने दारातच सांगून टाकलं.

वहिनींनी तिला बसवलं. खासगी तपासाचं काम त्यांचं. त्यांचे दीर, म्हणजे भाऊजी, सोबतीला असत आणि नेमाने भलत्याच माणसावर संशय घेत.

झडप मोहरीएवढी. काचबिंदूच्या डोळ्यात बसवली की साठलेलं पाणी हळूहळू बाहेर सोडते. उद्या सकाळी ती प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंच्या वडिलांच्या डोळ्यात बसवायची होती. त्यांचा दुसरा डोळा आधीच गेला होता.

"आज सापडली नाही तर बाई मला काढतील," मुलगी म्हणाली. "आणि त्या आजोबांचं काय होईल?"

झडपा बनवायच्या खोलीत सगळे दिवे पिवळे. साध्या उजेडात तिथली रसायनं बिघडतात. भाऊजींनी घाम पुसायला रुमाल काढला. सकाळी पिवळा घेतल्याचं आठवत होतं, निघाला पांढरा. आपलं वय झालं, असं त्यांना वाटलं.

"रुमाल आत नको, धागे उडतात," यंत्रं दुरुस्त करणारा मिस्त्री खेकसला. भाऊजींनी तो मुकाट्याने खिशात कोंबला.

"काल संध्याकाळी इथेच झडप पांढऱ्या डबीत घातली," मुलीने फळी दाखवली. "खणातली हाताला लागली ती पांढरी कागदी टिकली खुणेसाठी झाकणाला चिकटवली आणि घरी गेले."

"मी निघालो तेव्हा डबी होती," मिस्त्री म्हणाला. "वर पांढरी टिकली. बाई तेवढ्या मागे राहिल्या होत्या."

प्रमुख बाई आपल्या खोलीत बसल्या होत्या. डोळे सुजलेले.

"कुलूप लावण्याआधी मी आत जाऊन डबी पाहिली. पिवळी टिकली, लगेच नजरेत भरली. हात लावला नाही. सकाळी गायब. दुसरी किल्ली त्या मुलीकडेच असते."

बाहेर येताच भाऊजी कुजबुजले, "मुलगी आणि मिस्त्री सामील आहेत. दोघांनी एकच खोटं घोकलंय."

"टिकलीच्या रंगाबद्दल कोण खोटं घोकेल, भाऊजी? तुमचा रुमाल काढा बरं."

भाऊजींनी काढला. रुमाल पिवळा होता.

वहिनींनी सगळ्यांना बाईंच्या खोलीत बोलावलं.

"त्या उजेडात पिवळं आणि पांढरं सारखंच दिसतं. खणात दोन्ही रंगांच्या टिकल्या आहेत, त्यामुळे अंदाजानेही रंग सांगता येत नाही. या दोघांना ती पांढरी वाटली. पिवळी दिसायला डबी साध्या उजेडात आणावी लागते. बाई, तुम्ही ती बाहेर आणलीत."

 बाईंनी पर्समधून डबी काढली. टिकली पिवळी होती.

"बाहेरच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, तर कडेला चीर दिसली. बाबांना, डॉक्टरांना, सगळ्यांना मीच छातीठोक सांगत आले होते, की झडपेत काही खोट नाही. आता कोणत्या तोंडाने सांगू? चोरी झाली म्हटलं की शस्त्रक्रिया आपोआप टळणार होती."

"आणि मी?" मुलीने विचारलं.

बाईंनी डबी टेबलावर ठेवली. भाऊजींना त्यांचा मनापासून राग आला.

मुलगी झडप घेऊन सूक्ष्मदर्शकावर वाकली. 

"चीर आहे. काल बोलला असतात तर आज दुसरी तयार झाली असती." तिने झडपांच्या खोलीत घालायची टोपी उचलली. "मी बसते करायला. उद्या शस्त्रक्रिया होणार नाही. तुमच्या बाबांना खरं सांगा, आत्ता, माझ्यासमोर."

बाईंनी फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडे म्हाताऱ्याने मोठा सुस्कारा सोडला. तो खोलीभर ऐकू आला.

"बरं झालं गं. मलाही फार भीती वाटत होती. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."