कप्तानाचा पाय आणि प्रणितची मिशी

प्रांजल त्या दुकानात शिरली ती पॅनकार्डाची झेरॉक्स काढायला. पनवेलच्या एसटी स्टँडसमोरचा कमलाकर काकांचा गाळा… पुढे झेरॉक्सचं मशीन, मागे पडद्याआड कॉम्प्युटर, आणि त्यांवर गेम खेळणाऱ्या पोरांचा गोंधळ. तेवढ्यात पडदा सरला आणि एक उंच, सावळा तरुण बाहेर येऊन थेट तिलाच म्हणाला,

"मॅडम, तुमीच सांगा. 'कॅप्टन कोरल'चा दुसरा भाग येतोय. कंपनी सांगते, इंजिन नवीन हाय. हे काका म्हणतात, जुनंच हाय. कोण बरोबर?"

प्रांजलच्या हातातलं पॅनकार्ड खालीच पडलं.

तिचंही बरोबर होतं म्हणा. 'कॅप्टन कोरल' अख्ख्या पनवेलनं खेळला होता. त्यातला कप्तान जहाजाचा जिना चढायला लागला की त्याचा डावा पाय गुडघ्यापर्यंत पायरीत रुतायचा. आता कंपनी म्हणत होती, गेम आतून चालवणारी सगळी यंत्रणा, म्हणजे इंजिन, आम्ही नव्यानं बांधलीय. आणि प्रांजल? ती खारघरच्या ऑफिसात बसून सहा महिने तोच दुसरा भाग तपासत होती! कप्तानाचा पाय अजून रुततो, असं तिनं वरच्यांना कळवलं होतं. उत्तर आलं होतं, 'जुन्या इंजिनातलंच आहे, राहू दे.' पण यातलं अवाक्षर बाहेर काढायचं नाही, अशा कागदावर तिची सही होती. बोलली तर नोकरी गेली. नाव प्रांजल आणि तोंडाला कुलूप. नशीबसुद्धा काय थट्टा करतं बघा!

"मला… त्यातलं काही कळत नाही," ती कशीबशी म्हणाली.

"नाय कळत तर कान एवढे टवकारून का ऐकत होता?" तो हसला. हसला की त्याची मिशी आधी हसायची. झुपकेदार, काळीभोर, निगुतीनं राखलेली. प्रांजलनं नजर खाली वळवली, पण मिशी काही नजरेतून जाईना.

त्याचं नाव प्रणित. उरणकडच्या कोळीवाड्यातला, जासईच्या कंटेनर यार्डात कामाला. रविवारी काकांकडे खेळायला यायचा. आणि काय योगायोग… प्रांजललाही आता दर रविवारी कसली ना कसली झेरॉक्स लागू लागली. आई म्हणाली, "अगं, रेशनकार्डाच्या इतक्या प्रती काय भिंतीला लावायच्यात?"

झेरॉक्स झाली की स्टँडजवळ उसाचा रस. रसाच्या ग्लासावर वाद तोच.

"बघ ना, पाणी किती खरं दिसतंय," प्रणित मोबाइलवरची जाहिरात तिच्यापुढे धरायचा. "मी दर्यावरचा माणूस. लाट कशी फुटते ते मला नाय कळणार?"

"जुन्या कपाटाला नवा रंग दिला तर कपाट नवं होतं का?" ती हळूच म्हणायची.

"म्हणजे तुला म्हायती हाय काहीतरी!"

"मी कपाटाबद्दल बोलतेय," म्हणून ती ग्लासात तोंड खुपसायची.

एवढ्यावर भागलं असतं. पण एका रविवारी काका त्याला जरा जास्तच डिवचून गेले आणि प्रणितचा पारा चढला. भरल्या दुकानात तो म्हणाला, "कप्तानाचा पाय परत रुतला ना, तर मिशी उतरवीन! इथंच, दादूच्या खुर्चीत!" समोरच्या सलूनमधल्या दादूनं लगेच हात वर करून तयारी दाखवली. काकांच्या डोक्यावर पैजेला लावण्याजोगा एक केस नव्हता, म्हणून हरल्यास प्रणितचा फोटो हार घालून दुकानात लावायचं त्यांनी कबूल केलं.

"हार घालून? मी मेलोय काय?" प्रणित म्हणाला. सगळे खो खो हसले. प्रांजल सोडून.

कारण गेम यायचा होता शनिवारी, आणि रविवारी प्रणितच्या थोरल्या भावाची हळद होती. त्याच्या घरी बाप असेपर्यंत पोरानं मिशीला वस्तरा लावायचा नसतो. आणि बाप, काशिराम, चांगला ठणठणीत होता. भर मांडवात बिनमिशीचा पोरगा बघून आई गंगाबाई काय आकांत करील, या विचारानंच प्रांजलची झोप उडाली. एक शब्द बोलली तर मिशी वाचत होती. आणि त्याच शब्दानं नोकरी जात होती…

"पैज मागे घे ना," ती रसाच्या गाड्यापाशी म्हणाली.

"का?"

"असंच."

"असंच कसं?" तो थोडा वाकून तिच्याकडे बघू लागला. "एक मिनिट… तुला माझी मिशी आवडते?"

प्रांजलचे कान तापले. नाही म्हणावं तर पैज राहते, हो म्हणावं तर… "हो," ती म्हणाली. म्हणाली ती मिशी वाचवायला, पण तोंडातून निघाल्यावर तिला कळलं की हे तर खरंच आहे.

प्रणितची छाती दोन इंच फुगली. "मग तर बिलकूल नाय घेणार! आता तुझ्यासमोर जिंकणार!"

घ्या! करायला गेली एक आणि झालं भलतंच.

शनिवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. काकांनी गेम सुरू केला. समुद्र झळाळला, शिडं फुगली, पोरं "वाऽऽ" म्हणाली. कप्तान जिन्यापाशी आला… पाय उचलला… आणि गुडघ्यापर्यंत रुतला.

अशी काही बोंब उठली की स्टँडवरच्या कंडक्टरनं वळून पाहिलं. काका नाचले. आणि प्रणित रस्ता ओलांडून दादूच्या खुर्चीत जाऊन बसला.

तो परत आला तेव्हा प्रांजल रसाच्या गाड्यापाशी एकटीच उभी होती. मिशीशिवाय तो अगदी कोवळा, कॉलेजात जाणाऱ्या पोरासारखा दिसत होता. तिला रडू यायला लागलं, आणि मेलं हसूही.

"तुला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"कशावरून?"

"कप्तानानं पाय उचलला, आणि तो रुतायच्या आधी तू डोळे मिटलेस."

"तू… तू स्क्रीनकडे बघत नव्हतास?"

"सगळे कप्तानाचा पाय बघत होते." तो घुटमळला. "मी तुला बघत होतो. दर रविवारी तेच करतो. गेमचा समुद्र नवा की जुना, मला काय घेणं…"

मग प्रांजलनं सगळं सांगितलं. खारघर, सहा महिने, ती सही. आता गेम बाजारात आला होता, सांगायला मोकळीक होती. "रागावलास?"

"रागावलोय ना!" प्रणितनं सवयीनं मिशीला पीळ द्यायला हात नेला, तो नुसताच ओठावर फिरला. "पण खरं सांगू? आमच्या घरात कोणाच्या पोटात काय राहत नाय. आईला सकाळी सांगितलेलं दुपारी अख्ख्या बंदरावर होतं. आणि तू… माझी मिशी जात होती, तरी शब्द पाळलास. अशा माणसावर आयुष्य टाकता येतं, प्रांजल."

गाड्यावरचा घुंगरू वाजत राहिला. दोघांचे ग्लास तसेच राहिले.

"पण उद्याचं काय?" तो एकदम धास्तावला. "भर मांडवात आई ऊर बडवील. म्हणेल, बाप जिता असताना कोणी घालवली रे मिशी? काय सांगू?"

सहा महिने तोंडाला कुलूप लावून बसलेल्या प्रांजलनं ओढणी सारखी केली आणि सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"सांग आईला, 'तुझ्या धाकट्या सुनेनं.'"