गर्दीतला बेसूर

ठकीने चावा घेतला तो नेमका त्याच रेकॉर्डच्या कव्हराला, जिच्यासाठी तो माणूस शहरभर भटकत होता.

जुन्या रेकॉर्डच्या दुकानात मी पावसाची सर थांबायची वाट बघत उभी होते. ठकी कडेवर. पंखा किती खाली आहे, खोक्यांचे कोपरे टोकदार आहेत का... लेक झाल्यापासून माझी नजर अशीच फिरते. तिच्या तोंडाकडे तेवढं लक्ष राहिलं नाही.

"अहो... अहो, ते खायचं नाहीये!" मागून कुणीतरी कळवळलं.

वळून पाहिलं. ओला चष्मा, खांद्याला पिशवी, आणि चेहरा असा, जणू ठकीने त्याच्याच दंडाचा लचका तोडलाय.

"सॉरी! मी घेते ना विकत—"

"नको, मीच घेतो. ही फार थोडी निघाली होती." त्याने कव्हर उजेडाकडे धरलं. "आणि दातांच्या खुणेसकट तर जगात एकच असेल."

मी हसले. बऱ्याच दिवसांनी, आवाज करून.

बोलता बोलता कळलं, तो आवाजाचा कारागीर, जुनी ध्वनिमुद्रणं स्वच्छ करणारा. ते चौघे पांढऱ्या केसांचे रॉकवाले, माझ्या बाबांचे देव, त्यांच्या कधीच न निघालेल्या मैफिलींचा संच त्याच्या स्टुडिओत तयार होत होता. एकच मैफल सापडत नव्हती. मैदानातली. ऐन गाण्यात वीज गेली आणि गर्दीने ते गाणं पूर्ण केलं, ती.

"माझ्याकडे आहे," मी बोलून गेले. आणि जीभ चावली.

बाबांनी रेनकोटखाली टेपरेकॉर्डर लपवून ती भरली होती. बाबा आता नाहीत. ठकीने त्यांना पाहिलंही नाही. फीत चिकटून बसलेली, म्हणून कॅसेट लावायचा धीर मला कधी झाला नव्हता.

"डबी उघडून फीत नव्या डबीत बसवायची. हाताने फिरवत सैल करायची," तो म्हणाला.

"तुटली तर?"

"जोडीन. पण तुटेल तेवढा तुकडा जाईल. खोटं नाही सांगणार."

त्या खोटं न सांगण्यावर मी विश्वास टाकला. अट एकच, फितीचं काम माझ्या डोळ्यांदेखत.

पहिल्या दिवशी स्टुडिओच्या जमिनीवर स्क्रू, वायरी, टाचण्या... मी ठकीला खाली ठेवलंच नाही. दुसऱ्यांदा गेले तर जमीन लख्ख! प्रत्येक सॉकेटवर चिकटपट्टी, टेबलाच्या कोपऱ्यांना फोम.

"कुणी पाहुणी यायची होती वाटतं?"

"हो ना."

"कोण, मी?"

"...मी ठकीबद्दल बोलत होतो," तो म्हणाला. कान मात्र लालबुंद.

घरी आई म्हणाली, "काय गं, हल्ली केस विंचरायला वेळ मिळतो तुला?" ठकीच्या वडिलांनी दुसरा संसार थाटल्यापासून आईने मला असं चिडवलं नव्हतं.

फीत तुटली नाही. पुढची आवाजाची सफाई त्याने रात्री एकट्याने केली. काम संपलं त्या दुपारी त्याने परीक्षेच्या निकालाला बसावं तसं बसून गाणं लावलं. गिटार काचेसारखी स्वच्छ. वीज गेली... आणि दुरून, गोड, गर्दीचा सूर आला.

मी वाट बघत राहिले. गाणं संपलं.

"बाबा कुठेत?"

"कोण?"

"माझे बाबा! माइकजवळ आपणही गायलो, असं सांगायचे ते—"

त्याचा चेहरा उतरला. "तो... बेसूर आवाज? तो मी काढला. जवळचा खोकला, शिट्टी, प्रेक्षकाचं गाणं काढायचंच, हातालाच सवय... तुम्ही बोलला नाहीत."

"ऐकणाऱ्याला कळेल असं वाटलं."

"मूळ प्रत आहे. घरी ऐकायला देतो."

"घरी? अहो, त्या गाण्यात ते होते. तिथे, त्या मैदानात होते!" ठकीला उचललं आणि निघाले. त्याने हाक मारली. थांबले नाही.

सकाळी फोन आला. "या. रागावूनच या, पण या. त्या चौघांतले गायक स्वतः ऐकायला येताहेत."

गेले. कोपऱ्यात म्हातारा गायक काठी टेकून बसलेला. शेजारी त्यांचा मॅनेजर, उठायच्या बेतात. "स्वच्छ प्रत पसंत आहे. पाठवून द्या."

"एक मिनिट," आवाजाचा कारागीर म्हणाला. "मी चूक केलीय. मूळ ऐका. मग काम काढून घेतलंत तरी चालेल."

मॅनेजरच्या कपाळावर आठ्या. गायकाने नुसता हात वर केला.

गाणं सुरू झालं. वीज गेली. मुका अंधार... आणि त्या अंधारात, सगळ्यांच्या आधी, एकटा, ठार बेसूर — बाबा! पुढची ओळ त्यांनी उचलली. मग शेजारचा कुणी, मग रांग, मग अख्खं मैदान. स्वच्छ प्रतीत गर्दी जणू आपोआप गायला लागली होती. सुरुवात बाबांची होती, हे मलाही ठाऊक नव्हतं.

"थांबवा," गायक म्हणाला. डोळे भरलेले. "त्या अंधारात मी स्टेजवरून पळायच्या बेतात होतो. या आवाजाने मला थांबवलं. कोण हा?"

"माझे बाबा," मी म्हटलं.

"हा बेसूर राहणार! वाटल्यास माझा सूर कमी करा. कव्हरवर नाव आधी यांचं. लावा परत, मोठ्याने!"

भिंती थरथरल्या. ठकी कडेवरच टुणटुण उड्या मारू लागली. तो माझ्या कानाशी वाकला. "मला एक विचारायचंय... कामाचं नाही."

"विचारा."

"तुमच्या घरचा आवाज ऐकलाय मी फोनवर. ठकीचं रडणं, आईंच्या हाका, तुमचं दिवसभर 'हळू, पडशील'... मला त्यातलं काहीही काढायचं नाहीये. मला फक्त... त्यात यायचंय."

"मी फार काळजी करते हो. झोपेतसुद्धा."

"मग दोघं मिळून करू. येऊ?"

ठकी झोपेल, उठेल, म्हणून मी वर्षभर कुजबुजतच जगत होते. त्या हजारोंच्या गजरावर मी इतक्या मोठ्याने "हो!" म्हटलं, की म्हातारा गायक दचकला, आणि मग काठी बाजूला टाकून त्यानेच पहिली टाळी वाजवली.