पाव सेकंदाचा दम

कृत्रिम डाव्या हाताची बोटं डग्ग्यावर उतरली, घुमली आणि मधेच पाव सेकंद हवेत थांबली. रघुवीरकाकांनी ऋजुताकडे पाहिलं. हात तिने घडवलेला, तेव्हा अपराधही तिचाच.

“पोरी, एवढ्यात ठेका पडतो,” ते म्हणाले.

अपघातात काकांचा डावा हात गेल्यापासून त्यांच्या पत्नी वत्सलाबाईंनी मैफलीत गाणं सोडलं होतं. दुसऱ्या कुणाच्या तबल्यावर गायचं नाही, हा त्यांचा हट्ट. येत्या रविवारी त्या गाणार होत्या, पण हात चालला तरच.

दोष ऋजुताला ठाऊक होता. हाताचा प्रोग्राम सांभाळचौकटीत, म्हणजे स्मृतीची देखभाल आपली आपण करणाऱ्या व्यवस्थेत चाले. प्रत्येक नव्या हालचालीसाठी चौकट यंत्राच्या स्मृतीत एक नवी वस्तू घडवी. वापरून झालेल्या वस्तू प्रोग्रामरने आवरायच्या नसत. पसारा वाढला की तो आवरायला चौकटीचा स्मृतिझाडू फिरे. फक्त तो फिरताना बाकी सगळं पाव सेकंद थांबे. मग तिने हजार हालचाली आधीच घडवून ठेवल्या, त्याच पुन्हा पुन्हा वापरायच्या. नवं काही नाही, म्हणून पसारा नाही, म्हणून झाडूही नाही. तीन दिवस हात एकदाही अडला नाही आणि ऋजुता स्वतःवर भलतीच खूश होती.

गुरुवारी काका तोंड पाडून आले. हात छान वाजतो, पण कालचंच वाजवतो, अशी त्यांची तक्रार होती. डोक्यात नवं आलं की हात त्याच्या शेजारचं जुनं काहीतरी उचलतो.

“नवं हवं असेल तर थांबणं आलं, काका. त्याला पळवाट नाही.”

काकांनी डग्ग्यावरून तळवा फिरवला.

“कधी थांबायचं ते मी सांगितलं तर?”

चौकटीला ‘आत्ता आवर’ असा हुकूम देता येतो. ऋजुताच्या धंद्यात तो देणं अडाणीपणाचं समजतात, कारण कधी आवरायचं हे चौकटीलाच जास्त कळतं. पण चौकटीला तिहाई कुठे कळते? एकच बोल तीनदा, आणि मधल्या दमात, म्हणजे छोट्या विरामात, दोन्ही हात मोकळे. तिने तो हुकूम काकांच्या उजव्या मनगटाच्या झटक्याला जोडून दिला.

रविवारी वत्सलाबाई गायल्या. काकांनी कधी न ऐकलेले बोल वाजवले आणि दर तिहाईच्या दमाला लोकांनी दाद दिली. तेवढ्यात झाडू फिरून जातोय, हे एकट्या ऋजुताला माहीत होतं. तिचे डोळे भरून आले.

मैफल संपल्यावर ती वत्सलाबाईंजवळ गेली. यंत्रापायी काकांना वाजवणं बदलावं लागलं याचं वाईट वाटतं, असं तिने सांगून टाकलं. बाई हसल्या.

“बदललं कुठे गं? नवं काही वाजवलं की हे चाळीस वर्षं तिथेच दम घेतात. त्याशिवाय पुढचं सुचत नाही यांना. मलाही तिथेच श्वास घ्यायची सवय लागली. म्हणून तर दुसऱ्या कुणाबरोबर गाता येईना.”